पाणी तापते, पाणी गारठते : मासा काय करतो?



आमच्या रविवारच्या अभ्यासवर्गात एकदा श्वसनाचा पाठ चालला होता. फळ्यावर कल्ल्यांची आकृती काढून झाली होती. मागच्या ओळीतून आठवीतील एका मुलीने विचारले, "सर, पौषात बोडीच्या पाण्यात पाय घातला की आपल्याला हुडहुडी भरते. मग माशाला थंडी वाजत नाही का?" वर्ग हसला. आम्हीही हसलो, आणि "मासे शीतरक्ताचे असतात, त्यांना थंडी वाजत नाही" असे सांगून पुढच्या मुद्द्याकडे वळलो. आमचे हे उत्तर किती अपुरे होते, ते पुढे एका नुकसानीतून कळले.

आमच्या भागात, म्हणजे पूर्व विदर्भात, धानाच्या शेताला पाणी देणाऱ्या लहान तळ्याला बोडी म्हणतात. वर्गातील चार मोठ्या मुलांनी मिळून एक बोडी मासे पाळण्यासाठी घेतली. दोघांच्या आयांनी बचत गटातून पैसे उचलून दिले. रोहू, कतला आणि मिरगल यांची बोटुकली प्राणवायू भरलेल्या प्लॅस्टिकच्या पिशव्यांतून रात्रीच्या प्रवासाने आली. पिशव्या ओल्या पोत्यांत गुंडाळलेल्या होत्या, पाणी चांगले गार होते. पावसाने उघडीप दिली होती, भाद्रपदातील कडक ऊन पडले होते. पाहुणे, फोटो, नारळ यांत दुपारचे दोन वाजले. मग पिशव्या कापून काठच्या गुडघाभर पाण्यात सरळ ओतल्या. संध्याकाळपर्यंत निम्मी बोटुकली पांढरी पोटे वर करून तरंगू लागली. आम्ही तेव्हा तेथे होतो, आणि सगळ्यांबरोबर आम्हीही "बीज खराब दिले" असेच म्हणालो. बीज खराब नव्हते. काठचे पाणी हाताला कोमट लागत होते आणि पिशवीतील पाणी माठातल्यासारखे गार होते, हे आम्हीच पाहिले होते. पण त्याचा अर्थ आम्हाला लावता आला नाही. ज्या विषयाचा पाठ घेतला, त्याच विषयात आम्ही नापास झालो. म्हणून हा लेख.

शीतरक्त म्हणजे काय?

प्रथम शब्दाचा घोळ काढून टाकू. मे महिन्यात उथळ तळ्यातील रोहूचे रक्त ३३-३४ अंश सेल्सिअस असू शकते. त्याला शीत म्हणणे कठीणच आहे. तोच रोहू जानेवारीच्या पहाटे २० अंशांवर असतो. म्हणजे त्याचे रक्त थंड असते असे नसून, ते पाण्याबरोबर बदलते. यासाठी मराठीत 'अनियततापी' हा चांगला शब्द आहे. आपण माणसे, गाई-म्हशी, पक्षी हे 'नियततापी'. बाहेर ४५ अंश असो की १० अंश, आपल्या शरीराचा आकडा ३७ च्या आसपासच राहतो.

आता कोणी विचारील, माशाच्या शरीरातही अन्न जळते, उष्णता निर्माण होते, मग ती जाते कोठे? हा प्रश्न पाटी-पेन्सिल घेऊन सोडवण्यासारखा आहे. ३० अंशांच्या एक लिटर गोड्या पाण्यात जास्तीत जास्त सुमारे ७.५ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळलेला असतो. एक मिलिग्रॅम प्राणवायू वापरून अन्न जाळले तर सुमारे ३.४ कॅलरी उष्णता मिळते (ही लहान कॅलरी, आहाराच्या तक्त्यातील कॅलरी हिच्या हजारपट असते). म्हणजे त्या लिटरभर पाण्यातील सगळा प्राणवायू माशाने घेतला, कणभरही सोडला नाही, असे धरले तरी मिळणारी उष्णता २५ कॅलरींच्या आसपास. एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला १००० कॅलरी लागतात. तेव्हा या २५ कॅलरींनी ते पाणी किती तापेल? अंशाचा चाळिसावा भाग!

आणि माशाचे सगळे रक्त कल्ल्यांतून याच पाण्याशी भिडून जाते. कल्ल्याची त्वचा इतकी पातळ असते की प्राणवायू आत शिरेपर्यंत रक्त आणि पाणी यांचे तापमान एक होऊन गेलेले असते, कारण उष्णता प्राणवायूपेक्षा कितीतरी वेगाने पसरते. आपली गोष्ट वेगळी आहे. लिटरभर हवेत सुमारे २७५ मिलिग्रॅम प्राणवायू असतो आणि त्या हवेचे वजन असते जेमतेम सव्वा ग्रॅम. थोडी हवा घेऊन आपण पुष्कळ प्राणवायू मिळवतो आणि ती हवा तापवण्यात फारसे काही खर्च होत नाही. माशाने श्वास घ्यायचा म्हणजे उष्णता पाण्याला देऊनच टाकायची. त्याच्या गरिबीचे मूळ हे पाण्याच्या व्यवहारात आहे, त्याच्या अंगच्या उणेपणात नाही.

जागा बदलणे हाच पहिला उपाय

मग मासा काय करतो? ज्याला घर तापवता येत नाही, तो ऊन पाहून अंगणात बसतो आणि दुपारी झाडाखाली सरकतो. मासा नेमके हेच करतो. त्याच्या त्वचेतील मज्जातंतूंना तापमानाचे भान फार बारीक असते. अंशाच्या दहाव्या भागाहूनही कमी फरक मासे ओळखतात, हे प्रयोगांत दिसले आहे. एका टोकाला गार आणि दुसऱ्या टोकाला कोमट अशी टाकी करून त्यात मासे सोडले, तर इकडे-तिकडे फिरून शेवटी ते आपल्या पसंतीच्या पट्ट्यात गोळा होतात. कॅनडातील टोरांटो येथील एफ. ई. जे. फ्राय या शास्त्रज्ञाने १९४० च्या दशकात या पसंतीच्या तापमानाचा पद्धतशीर अभ्यास केला.

त्याच देशातील बाबीन सरोवरातील सॉकाय सामन माशाच्या पिल्लांचे उदाहरण तर फारच बोलके आहे. ही पिल्ले संध्याकाळी आणि पहाटे वरच्या उबदार पाण्यात येऊन खातात आणि दिवसा खोल, गार पाण्यात जाऊन राहतात. शत्रूपासून लपणे हे एक कारण असेलच. पण जे. आर. ब्रेट यांच्या प्रयोगांनी दुसरेही एक कारण पुढे आणले. भरपूर खाणे मिळाले तर ही पिल्ले १५ अंशांच्या आसपास सर्वांत चांगली वाढतात. खाणे कमी केले की मात्र त्याहून गार पाण्यात ती जास्त चांगली वाढतात. कारण उघड आहे. पाणी दहा अंशांनी तापले की माशाचा शरीरखर्च साधारण दुप्पट होतो. रिकाम्या पोटी ऊन पाण्यात राहणे परवडत नाही. पोट भरायला वर यायचे आणि खर्च वाचवायला खाली जायचे, असा हा संसार आहे.

याहून नवल वाटावे अशी गोष्ट १९७६ साली प्रसिद्ध झाली. रेनल्ड्स, कॅस्टरलिन आणि कोव्हर्ट यांनी ब्लूगिल आणि बास या माशांना रोगजंतू टोचले. निरोगी असताना ते जेथे राहत, त्यापेक्षा दोन-अडीच अंश अधिक उष्ण पाण्यात ते आपणहून जाऊन राहिले. आपल्याला ताप येतो. मासा ताप आणायला चालत जातो, म्हणजे पोहत जातो! काचेच्या भांड्यात एकटा ठेवलेला मासा आजारी पडला की त्याला ही सोय नसते, हे घरी मासे ठेवणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे.

शरीराची आतून दुरुस्ती

पण जागा नेहमीच बदलता येत नाही. उथळ तळे सगळेच तापले किंवा सगळेच गारठले तर? तेव्हा मासा स्वतःला बदलतो. हे काम दिवसांचे आहे, मिनिटांचे नव्हे, आणि आमचे नुकसान याच फरकात झाले.

आपल्या स्वयंपाकघरातील दोन तेले डोळ्यांपुढे आणा. थंडीत खोबरेल तेल बाटलीत थिजते, पण जवसाचे तेल पातळच राहते. दोन्हींतील मेदाम्लांची घडण वेगळी असते म्हणून असे होते. प्राण्याच्या प्रत्येक पेशीभोवती असलेले पटल हेही मेदाचेच असते. ते फार घट्ट झाले तर पेशीचे कामकाज अडते, फार पातळ झाले तर पेशीची बंदिस्ती जाते. पाणी हळूहळू गारठू लागले की मासा आपल्या पेशीपटलात जवसाच्या तेलासारखी मेदाम्ले वाढवतो; पाणी तापू लागले की ती कमी करून खोबरेलाच्या जातीची वाढवतो. परिणामी पटलाचा पातळपणा दोन्ही ऋतूंत जवळपास सारखा राहतो. तापमान पाण्याच्या ताब्यात गेले, पण त्याचा परिणाम माशाने आपल्या ताब्यात ठेवला. तीच गोष्ट स्नायूंची. कार्प मासा गार पाण्यात काही आठवडे राहिला की त्याच्या स्नायूंतील मायोसिन या प्रथिनाचा प्रकारही बदलतो, आणि थंडीतही शेपटी बऱ्यापैकी वेगाने हलवता येते.

या जुळवून घेण्याला मर्यादा आहे आणि ती मोजली गेली आहे. फ्राय, ब्रेट आणि क्लॉसन यांनी १९४२ मध्ये गोल्डफिशवर केलेल्या प्रयोगांत असे दिसले की, मासा ज्या पाण्यात रुळला आहे ते तीन अंशांनी वाढवले, तर त्याची वरची मरणमर्यादा साधारण एका अंशाने वर सरकते. तीन अंश दिले तर एक अंश मिळतो, असा हा महागाचा सौदा. शिवाय उष्णतेशी जुळवून घेणे एक-दोन दिवसांत बरेच होते, पण गारठ्याशी जुळवून घ्यायला दोन आठवडेही लागू शकतात. आपल्या रोहू, कतला आणि मिरगल यांवर मुंबईच्या वर्सोवा येथील केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्थेत असेच प्रयोग झाले. ते २००४ मध्ये प्रसिद्ध झाले. बोटुकली निरनिराळ्या तापमानांच्या पाण्यात रुळवल्यावर, जितके पाणी ऊन तितकी त्यांची उष्णता सोसण्याची शक्ती वाढली. पण त्याबरोबर त्यांची प्राणवायूची गरजही वाढली.

या शेवटच्या वाक्यावर विद्यार्थ्यांनी थोडे थांबावे. पाणी तापले की माशाला प्राणवायू जास्त लागतो, आणि नेमक्या त्याच वेळी पाण्यात तो कमी मावतो. दहा अंशांना लिटरभर गोड्या पाण्यात सुमारे ११.३ मिलिग्रॅम प्राणवायू राहतो, वीस अंशांना ९.१ आणि तीस अंशांना ७.५. उन्हाळ्यात तळ्याचा वरचा थर ऊन आणि हलका, खालचा गार आणि जड. दोन्ही एकमेकांत मिसळत नाहीत. तळाशी पालापाचोळा कुजून तेथला प्राणवायू संपतो. मासा वर राहिला तर भाजतो, खाली गेला तर गुदमरतो. मधल्या एका पट्ट्यात त्याला दाटीवाटीने दिवस काढावे लागतात. पहाटे तळ्यावर मासे तोंड वर काढून घोट घेताना दिसतात, ते खेळत नसतात. रात्रभर पाणवनस्पतींनीही प्राणवायू खाल्लेला असतो आणि पहाटे शिल्लक सर्वांत कमी असते. मरळ आणि मांगूर यांना हवेतून श्वास घेता येतो, म्हणून आटत्या डबक्यातही ते तग धरतात. रोहू-कतलाला ती सोय नाही. नदीचा एखादा डोह उन्हाळ्यातही आटत नाही आणि मासे तेथे गोळा होतात, हे आमच्याकडील ढीवर बांधवांना कोणत्याही प्रयोगशाळेच्या आधीपासून माहीत आहे.

ज्यांनी उष्णता राखली ते मोजके मासे

आता अपवादांकडे येऊ; विज्ञानात मजा तेथेच असते. जॉन डेव्ही या इंग्रज वैद्याने १८३५ मध्ये ट्यूना कुळातील माशांबद्दल लिहून ठेवले की त्यांचे शरीर समुद्राच्या पाण्यापेक्षा सुमारे दहा अंश उष्ण भरले. ट्यूना म्हणजे कोकणात ज्यांना कुपा, गेदर म्हणतात त्यांचे कूळ. कल्ल्यांतून उष्णता गळते हे आपण पाहिले, मग हे कसे घडते?

उत्तर रक्तवाहिन्यांच्या मांडणीत आहे. ट्यूनाच्या पोहण्याच्या लाल स्नायूंकडे जाणाऱ्या बारीक रोहिण्या आणि तिकडून परतणाऱ्या नीला एकमेकींना चिकटून, उलट दिशांनी वाहतात. समजा, स्नायूतून परतणारे रक्त ३० अंश आहे आणि कल्ल्यांकडून येणारे २० अंश. दोन्ही एकाच दिशेने वाहिले असते तर मध्ये २५ वर तडजोड होऊन निम्मी उष्णता गेली असती. पण ती समोरासमोरून येतात. आत जाणारे रक्त जसजसे तापत जाते, तसतसे त्याला अधिकाधिक उष्ण रक्त भेटत राहते. अखेर ते २८-२९ अंशांवर स्नायूत पोचते, आणि बाहेर निघालेले रक्त आपली जवळजवळ सगळी उष्णता वाटेत ठेवून कल्ल्यांकडे गार होऊन जाते. प्राणवायू मात्र वाटेत फारसा गळत नाही, कारण या वाहिन्यांच्या भिंती कल्ल्यांच्या पडद्याहून जाड असतात. या रचनेला लॅटिनमध्ये 'रेटे मिराबिले' म्हणजे 'अद्भुत जाळे' म्हणतात. १९६० च्या दशकात अमेरिकेतील वुड्स होल येथे फ्रान्सिस केरी आणि जॉन टील यांनी मोठ्या ब्लूफिन ट्यूनाची तापमाने मोजली. पाणी ७ अंशांपासून ३० अंशांपर्यंत बदलत गेले तरी स्नायूंचे तापमान काही थोड्याच अंशांनी बदलत होते.

स्वोर्डफिशने सगळे घर न तापवता एकच खोली तापवली. त्याच्या डोळ्याचा एक स्नायू आकुंचन पावण्याचे काम सोडून केवळ उष्णता देणारी शेगडी झाला आहे. मेंदू आणि डोळे उबदार, बाकी शरीर पाण्याइतके गार. हा शोध केरी यांनी १९८२ मध्ये मांडला. ओपा नावाच्या वाटोळ्या माशाने तर जाळे थेट कल्ल्यांतच बसवले आहे. म्हणून त्याचे हृदयही उबदार राहते आणि सबंध शरीर पाण्याहून सुमारे पाच अंश वर असते. हे २०१५ साली कळले.

हातोड्यासारख्या डोक्याची हॅमरहेड मुशी यांहून वेगळी युक्ती करते. तिच्याकडे असे जाळे नाही. हवाईजवळ तिच्यावर यंत्रे बसवून केलेला अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. रात्री ती आठशे मीटरांहून खोल, पृष्ठभागापेक्षा वीस अंशांपर्यंत गार पाण्यात बुडी मारते, तरी बुडीच्या बहुतेक काळात तिचे अंग गार पडत नाही. संशोधकांचा निष्कर्ष असा की ती त्या वेळी कल्ल्यांच्या फटी मिटून घेते, म्हणजे श्वासच रोखते! वर आपण केलेले गणित आठवा. उष्णता जेथून गळते तो दरवाजाच बंद. उसंत फार थोडी मिळते, पण शिकारीपुरती ती पुरते.

उलट टोकाला दक्षिण ध्रुवाजवळचे मासे आहेत. तेथे समुद्र उणे १.९ अंशांवर असतो. सामान्य माशाचे रक्त उणे पाऊण अंशाच्या सुमारास गोठते, तेव्हा हे मासे बर्फाचे व्हायला हवेत. आर्थर डीव्रीज यांनी १९६० च्या दशकाअखेर दाखवले की त्यांच्या रक्तात विशेष प्रथिने असतात. ती बर्फाच्या सूक्ष्म कणाला चिकटतात आणि त्याला वाढू देत नाहीत. हे मासे स्वतःला तापवत नाहीत, फक्त गोठत नाहीत. पण एका तापमानाशी इतके घट्ट लग्न लावल्याची किंमतही मोठी आहे. त्यांच्यातील एक जात सहा अंशांच्या सुमारास उष्माघाताने मरते, असे १९६७ मध्ये प्रसिद्ध झाले. सहा अंश म्हणजे आपल्याकडच्या फ्रिजमधले पाणी. समुद्र हळूहळू तापत असल्याचे आज मोजमापांनी सिद्ध झाले असताना, पळायला अधिक गार जागाच नसलेल्या या माशांचे काय होणार, ही चिंता शास्त्रज्ञांना आहे.

पुन्हा बोडीवर

आता त्या भाद्रपदातील दुपारी काय झाले, ते सांगता येईल. रात्रभर गार पाण्यात असलेली बोटुकली एका क्षणात आठ-दहा अंश उष्ण पाण्यात पडली. शरीराचे तापमान मिनिटा-दोन मिनिटांत पाण्याइतके झाले, कारण ती लहान, आणि लहान अंग लवकर तापते. प्राणवायूची मागणी जवळपास दुप्पट झाली. पेशीपटले मात्र गार पाण्याच्या बेताने बसवलेली होती. आणि काठ सोडून खोल पाण्यात जायचे त्राण प्रवासाने दमलेल्या पिल्लांत उरले नव्हते.

पुढच्या वर्षी मुलांनी पुन्हा बीज आणले. आयांचे आधीचे हप्ते फिटायचे होते, त्यामुळे घरोघरी बोलणीही खावी लागली. या वेळी पाहुणे नव्हते. पहाटे साडेपाचला पिशव्या न कापता खोल पाण्यावर अर्धा तास तरंगत ठेवल्या. मग तोंड उघडून दर काही मिनिटांनी तांब्याभर बोडीचे पाणी पिशवीत घातले. दोन्ही पाणी हाताला सारखे लागू लागल्यावर पिशवी आडवी करून माशांना आपणहून बाहेर जाऊ दिले. अर्ध्या-पाऊण तासात पेशीपटले बदलत नाहीत, हे खरे. त्याला दिवस लागतात. पण पहाटे दोन पाण्यांत मुळात फरकच थोडा असतो, आणि जो असतो तो हळूहळू आला की हृदय आणि कल्ले सांभाळून घेतात. काही पिल्ले पिशवीच्या तोंडाशी येऊन थबकत, मागे वळत आणि पुन्हा येत. शेवटी खालच्या पाण्यात उतरून दिसेनाशी होत. त्या संध्याकाळी वर तरंगलेली पोटे बोटांवर मोजण्याइतकी होती.

उन्हाळ्यापूर्वी मुलांनी बोडीचा एक कोपरा दोन हात अधिक खोल खणला. ज्या मुलीने थंडीचा प्रश्न विचारला होता, तिने दोरीला तापमापक बांधून वरचे आणि तळाचे तापमान वहीत टिपायला सुरुवात केली. तळाहून वर ओढेपर्यंत पारा बदलतो म्हणून तापमापक तिने लहान बाटलीत बसवला, आणि बाटलीतले पाणी वाचून मगच ओतले. ही युक्ती तिचीच. मे महिन्यात दुपारी वर आणि खाली चार-पाच अंशांचा फरक तिला मिळाला. आता पौषाच्या नोंदी चालू आहेत, आणि पहाटे वरचे पाणी तळापेक्षा गार का लागते, असा नवा प्रश्न तिने आमच्यापुढे ठेवला आहे.